हलव्याची जीभ

१८ नोव्हेंबर १९६१
चार बरण्या झाल्या! बेडकाची जीभ – पुढे चिकटलेली, मागे मोकळी, म्हणून तर ती भक्ष्यावर फेकता येते. धामणीची – दुभंगलेली, हवेतला वास टिपून टाळूकडे नेणारी. कोंबडीची टोकाला टणक. बोकडाची खरखरीत. कुडाळच्या विज्ञान प्रदर्शनात अशी मांडणी कोणी केली नसेल. हेडमास्तर म्हणाले, "कुबल मास्तर, शाळेचं नाव काढणार तुम्ही." काढणारच! मासे विकणाऱ्या बाईचा मुलगा इंटर सायन्स होऊन मास्तर झाला, असा गावात मी एकटाच.

राहिला मासा. पुस्तक म्हणतं, माशाची जीभ म्हणजे तोंडाच्या तळाचा हाडाचा उंचवटा. स्नायू नाहीत, हलत नाही. मग लोकांना दाखवायचं काय, डोंबल?

२६ नोव्हेंबर
हलली!!

सकाळी काकांची होडी लागली. आई यायच्या आत मी एक हलवा उचलला, तोंड उघडलं. आत अंगठ्याएवढी पांढरी जाड जीभ, अंगावर आडव्या वळ्या. मासा मेलेला – आणि जीभ हलतेय! म्हणजे पुस्तक चुकलं. लिहिणाऱ्यांनी होडीवरचा ताजा हलवा पाहिलाय कधी? खालच्या बाजूला आकडे आहेत – जीभ घट्ट बसावी म्हणून, उघड आहे. टोकाला दोन काळे ठिपके – चव घेण्याचे असणार.

फॉर्मॅलिनमध्ये घातली. बरणीवर चिठ्ठी लावली – "हलव्याची स्नायुमय जीभ. शोध : का. तु. कुबल."

२७ नोव्हेंबर
आईने बरणी उजेडात धरली.

"अरे काशीरामा, ही जीभ न्हय. किडो तो! हलव्याची जीभ खाता आनि थंयच बसता."

"आये, तू खंयच्या कॉलेजात गेलंस?"

तिने बरणी खाली ठेवली. मग म्हणाली, "माका काय कळता. तू शिकलेलो." पाटी डोक्यावर घेऊन बाजारात गेली.

चाळीस वर्षं मासे विकले म्हणून शरीरशास्त्र येतं होय! म्हणे, जीभ खाऊन तिच्या जागी बसणारा किडा. भुतांच्या गोष्टी कमी पडल्या की काय!

२ डिसेंबर
प्रदर्शनाला मुंबईचे प्राध्यापक येणार, नक्की. कोट इस्त्रीला दिला.

९ डिसेंबर
उद्या कुडाळ. आईने नवं लुगडं काढून ठेवलेलं. "मी पन येतंय. तुझी बरणी बघूक."

मी म्हटलं, "आये, थंय मोठी माणसां येतली. मासळीचो वास..." तिला कळलं. लुगडं परत ट्रंकेत ठेवलं. मला वाईट वाटलं, पण प्रसंगच तसा आहे.

१० डिसेंबर
प्राध्यापकांनी भिंग लावलं. बराच वेळ पाहिलं.

"मास्तर, ही जीभ नव्हे. हे आकडे म्हणजे पाय. ठिपके म्हणजे डोळे. हा किडा जिभेचं रक्त पितो, जीभ झडते, आणि हा तिथेच ठाण मांडतो. मासा मग यालाच जिभेसारखा वापरतो."

कान तापले. हेडमास्तर छताकडे बघू लागले.

"पण नमुना सुंदर! आमच्या संग्रहात नाही. इथे कोणाला माहीत होता हा?"

चौकशी करून कळवतो, असं म्हणून सुटलो असतो. ओठांवर आलंच होतं.

"माझ्या आईला," मी म्हणालो. "तिने बघताक्षणी सांगितलं होतं. मी ऐकलं नाही."

त्यांनी वहीत तिचं पूर्ण नाव लिहून घेतलं. चिठ्ठी मी तिथेच फाडली, नवी लावली – "जीभ खाणारा किडा. ओळख : श्रीमती गंगू तुकाराम कुबल, मासळी बाजार, मालवण." छाती फुगली! अख्ख्या प्रदर्शनात अशी चिठ्ठी दुसरी नव्हती.

११ डिसेंबर
आईला सांगितलं. "माझा नाव? त्या बरणीर?" पदर तोंडाला लावून हसत सुटली.

मी विचारलं, "इतके हलवे घरात इले, माका हो किडो कधी कसो दिसलो नाय?"

"तुका मी मासळीक हात लावूक दिलंय खंय? हाताक वास इलो तर शाळेत पोरां हसतली म्हनान."

१२ डिसेंबर
शाळा सुटल्यावर बाजारात तिच्या शेजारी बसलो. तीन हलवे मी साफ केले. हात अजून धुतलेले नाहीत. या पानाला वास लागेल. लागू दे!