एक्केचाळीस नंबरची पुडी

३ मार्च, सोमवार

स्वयंपाकघरातल्या फळीवर डबा दिसला. आमचाच. पांढरा, त्यावर हिरवी पट्टी, पट्टीवर आकडा — ४१.

हातातला ग्लास आधी खाली ठेवला, मग वळले. बाबा पेपर वाचत होते.

"हे काय?"

"तुमच्याच संस्थेचं की. माचा, तो जपानी हिरवा चहा. विसरभोळ्या म्हाताऱ्यांवर प्रयोग चाललाय ना? मीही नाव दिलं."

"मला विचारलं नाहीत."

"विचारलं असतं तर नको म्हणाली असतीस."

बरोबर आहे. नकोच म्हणाले असते. अर्जात सरळ प्रश्न असतो — संस्थेत जवळचं कुणी काम करतं का? बाबांनी 'नाही' लिहिलं. बाबांनी! ज्यांनी आयुष्यभर वजनकाटे आणि मापनयंत्रं दुरुस्त केली, काटा केसभर हलला तरी यंत्र दुकानाबाहेर जाऊ दिलं नाही, त्यांनी!

पुड्या भरणं हे माझं काम. कुठल्या आकड्याच्या डब्यात खरा माचा आणि कुठल्यात नकली, ते संस्थेत फक्त मला ठाऊक. अभ्यास मॅडमचा, पण त्यांनाही सांगायचं नाही. कळलं तर माणूस नकळत हवं तेच बघतो. नकली म्हणजे बार्लीचं पीठ, खायचा हिरवा रंग आणि नावापुरता कडवटपणा. सगळे आकडे काही मी डोक्यात ठेवत नाही. पण ४१च्या वेळी यंत्र अडकलं होतं. तो डबा मी हाताने भरला.

बार्लीने.

५ मार्च, बुधवार

मॅडमना सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. नियम मीच इतरांना वाचून दाखवते!

११ मार्च, मंगळवार

संध्याकाळी दार उघडलं आणि गॅसचा वास. शेगडी चालू, ज्योत विझलेली, वर पाण्याचं भांडं. आधी बटण बंद केलं, मग खिडक्या उघडल्या. 

आई बाहेरच्या खोलीत शिलाई मशीनवर होती. तिला वाससुद्धा आला नाही. सर्दी झाली असावी. बाबा अंघोळीहून धावत आले, केस ओले.

"माझंच, माझंच! पाणी ठेवलं आणि विसरलो."

"बाबा, स्फोट झाला असता."

"झाला नाही ना? म्हातारचळ लागला बघ मला." आणि हसले.

मागच्या महिन्यात कपाटाच्या किल्ल्या फ्रिजमध्ये सापडल्या, तेव्हाही हेच हसू. आईने शेजारच्या वकीलबाईंच्या कोटाच्या बाह्या चार बोटं आखूड कापल्या, तेव्हाही — "मीच माप चुकीचं वाचून दाखवलं."  आई अशा वेळी मशीनचं चाक फिरवत बसते.

मी म्हटलं, मेंदूच्या डॉक्टरांकडे जाऊ. तर म्हणाले, "आधी हा पुड्यांचा कोर्स पुरा होऊ दे. फरक पडतोय. मला जाणवतं."

फरक! बार्लीने!

अडचण नीट लिहून ठेवते, म्हणजे डोक्यात फिरत राहणार नाही. आजार असेल तर लवकर तपासलेलं बरं. बाबा तपासायला तयार नाहीत, कारण त्यांना वाटतं पुडी लागू पडतेय. पुडीत काही नाही, हे मला माहीत आहे. सांगितलं तर मी अभ्यास फोडला. नाही सांगितलं तर रोजचा एकेक दिवस मी त्यांच्याकडून काढून घेतेय.

१६ मार्च, रविवार

आईने मासिकातलं पान मोठ्याने वाचलं. माच्याचे फायदे. "रक्तदाब, कोलेस्टेरॉल, वजन, त्वचा, मनःशांती, स्मरणशक्ती..."

"भांडी घासतो का ते बघ," बाबा म्हणाले.

"अहो, हसू नका. खरं का गं हे?"

मी सांगितलं तेवढंच, जेवढं सांगता येतं. साध्या ग्रीन टीत आपण पानांचा अर्क पितो आणि पानं टाकून देतो. माच्यात पानाचीच पूड असते, पान सबंध पोटात जातं. म्हणून त्यातलं जे काही आहे ते जास्त मिळतं — चांगलंही, आणि कॅफीनही. त्यात थिआनिन नावाचं एक द्रव्य असतं. ते आणि कॅफीन मिळून काही काळ लक्ष टिकायला मदत होते, असं दिसलंय. जेवणाला लागून प्यायलं तर अन्नातलं लोह अंगी कमी लागतं. संध्याकाळी घेतलं तर झोप उडते. गेलेली स्मरणशक्ती परत येते असं म्हणायला अजून पुरेसा आधार नाही. म्हणून तर आमचा अभ्यास.

"म्हणजे चांगलं आहे," आई म्हणाली.

"चहा म्हणून चांगलं आहे. औषध म्हणून माहीत नाही."

थोड्या वेळाने भाजी निवडता निवडता तिने मान वर केली — "ते मासिकात दिलंय, खरं का गं ते?" सगळं परत सांगितलं. माणसाला काळजी लागली की कानावर पडलेलं आत जात नाही. दिवसातून किती वेळा विचारते — ह्यांनी पुडी घेतली का, ह्यांनी पुडी घेतली का.

१७ मार्च, सोमवार

दादाचा फोन. तो तिकडे लांब बसून सल्ले देतो. गॅसचं सांगितलं.

"बाबा? माझ्याशी तर अर्धा तास बोलले. माझ्या पहिल्या पगाराचा आकडासुद्धा त्यांच्या लक्षात आहे, माझ्या नाही! तूच जरा अती करतेस."

"तू ये आणि राहून बघ."

"आली लगेच भांडायला! बरं, आई कुठे असते? हल्ली फोनवर येतच नाही. 'बाबांना विचार, बाबांना विचार' करते नि फोन त्यांच्याकडे देते."

"कामात असते."

"घरात तू राहतेस. तुला दिसायला हवं." — आणि फोन ठेवला. शहाणा!

२२ मार्च, शनिवार

बाबांनी गॅलरीत बोलावलं. दार ओढून घेतलं. हातात बाटली — पुडी पाण्यात टाकून हलवायची ती.

"ह्याला फेस येत नाही. दुकानात बघून आलो, खऱ्याला बारीक फेस येतो. हे तळाशी बसतं."

यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाला नकली माल देऊ नये!

"पाणी फार गरम घेत असाल."

"गरम नाही घेत. मोजून घेतो." मग आवाज खाली आला. "एवढंच सांग. माझ्या पुडीत खरं आहे का?"

"मला माहीत नाही."

"तूच भरतेस."

"सांगता येत नाही, बाबा."

"माहीत नाही, की सांगता येत नाही?"

 बाबांनी माझ्याकडे आयुष्यात काही मागितलेलं आठवत नाही. शाळेतल्या बक्षिसाची बातमीसुद्धा मी होऊन सांगितली तर ऐकायचे. आज माझं मनगट धरलं होतं. "नसेल तर मला दुसरं काहीतरी बघावं लागेल गं. वेळ जातोय."

म्हणजे त्यांनाही कळतंय.

२७ मार्च, गुरुवार

बैठकीत मॅडम खुशीत होत्या. चाचणीला येणाऱ्यांत एक आजोबा आहेत म्हणे, पंधरा शब्द एकदा सांगितले की अर्ध्या तासाने सुलटे म्हणतात, मग मजा म्हणून उलटे. "त्यांना कशाला पाजायचा माचा? तेच आपल्याला शिकवणी देतील!" सगळे हसले. मलाही क्षणभर हेवा वाटला, त्या आजोबांच्या मुलीचा.

नंतर कोठारात एकटी होते. खऱ्या पुड्यांची चळत समोर. एक मूठ पर्समध्ये टाकली. लिफ्टपर्यंत गेले. परत येऊन जागेवर ठेवली, मोजून. पुडीने बाबा बरे होणार नाहीत हे ठाऊक असताना मी ती कुणासाठी चोरत होते?

३० मार्च, रविवार

आई कोपऱ्यावर दोरा आणायला निघाली. ती जिना उतरली असेल-नसेल, तोच बाबा ताटावरून उठले, "थांब, मीही येतो!" — आणि धावले. अनवाणी! हात खरकटा! मी चपला घेऊन मागे गेले तोवर दोघंही रस्त्यावर दिसेनात.

कोपऱ्यावरचं दुकान. दिवेलागण झाली तरी पत्ता नाही. दुकानदार म्हणाला, इकडे कुणी आलंच नाही. मी आसपासच्या सगळ्या गल्ल्या पालथ्या घातल्या. पोलिसांचा नंबर काढला, आणि तेवढ्यात दोघं हात धरून येताना दिसले. बाबांच्या पायाला रक्त. आईच्या डोळ्यांत पाणी.

"मीच रस्ता चुकलो," बाबा म्हणाले. "ही होती म्हणून सापडला."

आई माझ्या कानाशी लागली. "हे हल्ली असं करतात गं. मला फार भीती वाटते."

पाय धुऊन पट्टी बांधली.  नंतर मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली, शनिवारची. पेशंट म्हणून बाबांचं नाव. आता बास. आधी मॅडमना सांगायचं, मग बाबांना.

१ एप्रिल, मंगळवार

मॅडमना सांगितलं. सगळं, क्रमाने. वडील, ४१, मी पहिल्या दिवसापासून गप्प.

आवाज चढला नाही त्यांचा. त्यापेक्षा चढला असता तर बरं. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती." पुड्या भरायचं काम उद्यापासून दुसऱ्याकडे. पुढचं वरिष्ठ ठरवतील. वडिलांना अभ्यासातून काढायचं, आणि तब्येतीचा प्रश्न असल्याने पुडीत काय होतं ते त्यांना सांगायची परवानगी. मान हलवली. ह्यात काहीच अन्याय नाही.

मग मॅडमनी डॉक्टरांना द्यायला ४१च्या चाचण्या उघडल्या, आणि चष्मा काढला.

"एक्केचाळीस? अहो, हेच ते आजोबा!"

"कोणते?"

"पंधरा शब्दांवाले! यांना काय झालंय? पहिल्या दिवसापासून सगळ्यांत वर आहेत."

मी दोनदा बघितलं. आकडा बरोबर. अक्षर बाबांचं. मग गॅस? किल्ल्या? परवाचा रस्ता? माझ्या मांडणीत कुठेतरी चूक आहे. कुठे, ते सापडत नाही. एप्रिल फूल म्हणावं तर मॅडम तशा नाहीत.

२ एप्रिल, बुधवार

गॅलरीत. या वेळी दार मी ओढलं.

"बाबा, पुडीत चहा नाही. बार्लीचं पीठ आहे."

"सगळ्यांत?"

"सगळ्यांत."

त्यांनी विचारलं नाही, मग मला बरं कसं वाटत होतं. चिडले नाहीत. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. बघत राहिले काचेतून आत. आई टेबल पुसत होती. पुसून झालेलं टेबल.

"तुमचे चाचणीचे निकाल पाहिले मी. तुम्हाला काहीही झालेलं नाही. मग गॅस कोणी—"

"हळू," बाबा म्हणाले. "ती ऐकेल."

४ एप्रिल, शुक्रवार

उद्याची वेळ तीच ठेवली. सकाळी दवाखान्यात फोन करून पेशंटचं नाव तेवढं बदललं. बाबांचं काढून आईचं.

बाबांनी नंतर सांगितलं, पुडी रोज आईच पीत होती. "माझ्या सोबतीला तूही घे, एकट्याला जात नाही" — असं सांगून बाबा तिला देत, आणि स्वतःच्या पेल्यात नुसतं गरम पाणी. चाचणीचे प्रश्न तिला कुणी विचारू नयेत म्हणून तिच्या जागी स्वतः जाऊन बसले.

आत्ता ती दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, "उद्या ह्यांना डॉक्टरकडे नेतेयस ना? मीही येते. एकटे घाबरतील. हल्ली फार विसरतात गं."

ये म्हटलं.