आगीच्या वेळी घरात असलेलं सामान

५ फेब्रुवारी
काल घराला आग लागली. घराला म्हणजे बेडरूमला. उगाच वाढवून लिहायचं नाही. मी ठणठणीत.

इस्त्री चालू ठेवून गाडी पुसायला खाली गेलो होतो. निळा शर्ट कडक करत होतो, कारण हिला आणायला जायचं होतं. ही चार दिवस बहिणीकडे गेली आहे. सप्टेंबरपासून.

चूक इस्त्रीची. इतकी वर्षं तीच इस्त्री, कधी काही झालं नाही. तेव्हा ही मागून येऊन बटण बंद करायची, एवढाच काय तो फरक.

बंब शेजारच्या काकूंनी बोलावला. म्हणाल्या, बायको गेली की असंच होतं हो. मी म्हटलं, गेली नाही, गेली आहे. काकूंना मराठी नीट येत नाही.

६ फेब्रुवारी, सकाळ
संकल्प: विम्याची पॉलिसी शब्दन् शब्द वाचणे. क्लेम घेणे. खोलीला पिस्ता रंग देणे आणि खिडकी मोठी करणे (ही लग्नापासून मागे लागली होती). मग हिला आणणे.
खरं तर आग लागली ते बरंच झालं.

दुपार
पहिलं पान वाचलं. डोळा लागला.

८ फेब्रुवारी
इमारतीचा विमा वेगळा, सामानाचा वेगळा. बरेच लोक इथेच फसतात म्हणे. आपले दोन्ही आहेत! धुराने काळं झालेलं, बंबाच्या पाण्याने भिजलेलं, तेही आगीचंच नुकसान धरतात.

इस्त्रीची धाकधूक होती. कंपनीतल्या बाईंना फोन करून आडून आडून विचारलं. म्हणाल्या, आग मुद्दाम लावली असेल तर दमडी नाही, निष्काळजीपणा चालतो. म्हणजे ही जन्मभर ज्याच्यावरून बोलत आली, तो माझा निष्काळजीपणा रीतसर कव्हर्ड आहे. हे हिला सांगायलाच हवं.

साडूला फोन केला. म्हणाला, ती अंघोळीला गेलीय. संध्याकाळी केला, तेव्हाही अंघोळीलाच. पहिल्यापासून स्वच्छतेची फार आवड हिला.

११ फेब्रुवारी
सामानाची यादी. पलंग, गादी, पडदे, माझे शर्ट. सगळी राख. हिचं लोखंडी कपाट बाहेरून कोळसा झालंय. कुलूप आहे, चावी ही घेऊन गेली. उघडायचा प्रश्नच येत नाही. आणि जी बाई कपाटाची चावी नेते, ती परत येणारच ना? साडूला एवढंसुद्धा कळत नाही.

हिच्या साड्या आठवून लिहायला बसलो. एक हिरवी. किंवा मोरपंखी. एक ती, लग्नाच्या वाढदिवसाला मी घेतलेली, जांभळी. बाकी रंग आठवेनात. ‘साड्या: भरपूर’ असं लिहिलं.

१३ फेब्रुवारी, सकाळ
आज कंपनीचा सर्व्हेअर येणार. ठरवलंय: कमी बोलायचं, ठामपणे बोलायचं. गादी जुनी म्हणून पैसे कापेल, वाद घालायचा नाही. संध्याकाळी रंगवाल्याला बोलावलंय.

संध्याकाळ
सर्व्हेअर सभ्य माणूस. खोलीभर फिरला, फोटो काढले. इस्त्रीवर एक शब्द बोलला नाही. मग यादी बघून विचारलं, भरपूर म्हणजे किती? मी म्हटलं, भरपूर म्हणजे भरपूर. तो म्हणाला, कपाट उघडावं लागेल. चावीवाल्याला बोलावलं.

आतून कपाटाला काहीही झालेलं नाही. खणांत अंथरलेले कागद जसेच्या तसे. डांबराच्या गोळ्यांचा वास. बाकी रिकामं. नुसते हँगर. सगळ्यात खालच्या खणात एक साडी. जांभळी. घडीसुद्धा मोडलेली नाही.

मी म्हटलं, ती चार दिवसांसाठी गेली आहे. सर्व्हेअर हळू आवाजात म्हणाला, काका, आग लागली तेव्हा जे घरात होतं, तेवढंच पॉलिसीत येतं. मग साडी वरखाली बघून म्हणाला, हिचं काही नुकसान नाही, त्यामुळे हीसुद्धा धरता येणार नाही. ‘साड्या: भरपूर’वर त्याने रेघ मारली. मी सही केली.

निघताना दारात तो म्हणाला, येतो. त्याचं काम संपलं, तो काही पुन्हा यायचा नाही. तरी येतो म्हणाला. आपल्यात सगळेच म्हणतात. घरातून निघताना कोणी जातो म्हणत नाही.

ही दारात ‘जाते’ म्हणाली होती. टीव्हीवर मॅच चालू होती, पण ऐकलं मी. घाईत चुकून बोलली असेल, असं धरून चाललो. चुकली नव्हती. फार वाईट वाटतंय.

रंगवाला आला होता. कुठला रंग म्हणून विचारलं. म्हटलं, कुठलाही दे.