मुलुंडला दोन वर्षं, नैरोबीला पाच

सोमवार, ३ फेब्रुवारी

डोकंच फिरलं आज! मुलुंडच्या आणि नैरोबीच्या कारखान्यांचे हिशेब शेजारी शेजारी उघडले. दोन्ही आमच्याच कंपनीचे, दोन्हीकडे व्हॉल्व्ह बनतात, यंत्रंही सारखीच जुनी. आंतरराष्ट्रीय नियम एकच – यंत्रं पुढे जेवढं कमावतील, त्याहून जास्त किंमत त्यांची दाखवायची नाही. पण पुढे म्हणजे किती? नैरोबीला पाच वर्षांची कमाई धरलीय, मुलुंडला दोनच. म्हणून नैरोबी ठणठणीत आणि मुलुंड भंगारात – म्हणजे कारखाना बंदच होणार!

आमच्या ऑफिसचे साहेब रतन सर, त्यांना विचारलं. "अगं, देश बघून अंदाज बांधतात. हेड ऑफिसला इथला भरवसा नाही. तू बेरीज बघ ना!" बघते, सर.

बुधवार, ५

सुशांतदादाचा फोन. मुलुंडच्या त्याच कारखान्यात लेथवर आहे तो. "अक्षे, बंद करतत म्हणतत. खरां सांग गो, तुमच्या ऑफिसात काय ठरला?"

मला काय माहीत, म्हणाले. चक्क खोटं! फोन ठेवल्यावर स्वतःचीच चीड आली.

शुक्रवार, ७

व्हिडिओ कॉलवर वांजिरू होती. नैरोबीचे हिशेब तीच बघते. तुला पाच वर्षं कशी दिली गं? हसली. "दिली नाहीत, भांडून घेतली. हातातल्या ऑर्डरी दाखवल्या. तूही भांड! माझे कागद पाठवू?" पाठवलेसुद्धा. माझी कोण लागते ती? तरी पाठवले.

सोमवार, १०

लिहिलं! थेट हेड ऑफिसला. रतन सरांना न विचारता. मुलुंडच्या ऑर्डरी जोडल्या, वांजिरूचे कागद जोडले. शेवटी ठणकावलं – नियम एक असेल तर दोघांना सारखाच लावा. पाठवल्यावर किती बरं वाटलं!

बुधवार, १२

उत्तर नाही. रतन सरांना कळलं वाटतं, माझ्याकडे बघतही नाहीत. प्रेमावहिनीनं घावणे पाठवले. दादानं पुन्हा काही विचारलं नाही, तेच जास्त लागतं.

शुक्रवार, १४

उत्तर आलं. "आपला मुद्दा रास्त आहे. नियम सर्वत्र सारखा लावला जाईल." आणि खालच्या ओळीत – यापुढे नैरोबीलाही दोनच वर्षं.

संध्याकाळी वांजिरूचा मेसेज – "मुलुंड तरी वाचलं ना गं?"