आबांनी बेल का वाजवली नाही

सौ. अंजलीताईंना वर्षाराणीचा वाकून नमस्कार.

तुमची पाठ आता कशी आहे? भाऊजींचा बसलेला घसा सुटला का? (सुटला असेल तर तुमच्या घरची शांतता गेली म्हणायची.) फोनवर तुम्ही मध्येच हसायला लागता आणि माझं सांगायचं राहून जातं, म्हणून लिहायलाच बसले.

नोकरी सांभाळून मी नर्सिंगमधली डॉक्टरेट करतेय, तीही ऑनलाइन, हे तुम्हाला ठाऊक आहेच. अख्ख्या चिखलीलाही ठाऊक आहे, कारण आबांनी, तुमच्याच वडिलांनी, वाण्यापासून गॅरेजवाल्या नौशादभाईंपर्यंत सगळ्यांना 'सून डाक्टर होनार' म्हणून सांगून ठेवलंय. मी ड्यूटीवरून येऊन स्कूटर लावते न लावते तोच लोक जिना अडवून जिभा दाखवतात. ही डॉक्टरेट औषधं लिहायची नाही, आपल्याच वॉर्डात काय चुकतं ते शोधून सुधारायची आहे, असं मी नौशादभाईंना नीट समजावलं. ते म्हणाले, "पटलं भाभी. पण जीभ तर बघा."

माझा विषय पेशंटचं पडणं. आमच्या चाकणच्या हॉस्पिटलात कंपन्यांमधले हाडं मोडलेले बाप्ये येतात. प्रत्येक खाटेला बेल आहे. वाजवली की सिस्टर येते आणि धरून संडासाला नेते. पण हे वाजवतच नाहीत. एका पायावर लंगडी घालत निघतात आणि पडतात. मी अभ्यासपूर्वक (इंग्रजीत, तळटिपांसकट) ठरवलं की यांना बेल कळतच नाही. मग भिंतीवर चित्रं लावली, प्रत्येकाकडून बेल वाजवून घेतली. वॉर्डाचं देऊळ झालं, पडणं काही थांबेना.

अशात आबा जिन्यात घसरले, मांडीचं हाड मोडलं आणि ऑपरेशन होऊन माझ्याच वॉर्डात आले. (इथवर तुम्हाला माहीत आहे. पुढचं तुमच्या भावानं, ज्ञानेशनी, तुमच्यापासून लपवलंय.) टाके ओले असतानाच ते एकटे उठले आणि संडासाच्या दारात आडवे झाले. मी धावले. ऑपरेशनमध्ये बसवलेला रॉड हलला की काय, या भीतीनं माझं तोंडच सुटलं. "आबा, बेल उशाशी होती ना! का नाही वाजवली?"

आबा भिंतीकडे बघत म्हणाले, "सुनंला हाका मारून मुतायला न्ह्यायला सांगू व्हय?"

ताई, एक्स-रे चांगला आला तेव्हा मी स्टोअररूममध्ये जाऊन रडले. मग खाटेखाटेशी जाऊन विचारलं. सगळे लाजत होते! कुणाला मी मुलीसारखी, कुणाला आईसारखी. (आईसारखी म्हणणाऱ्याचे टाके मीच काढले, जरा जोरात.) तेव्हापासून आमचे वॉर्डबॉय चिमाजीमामा न बोलावता फेरी मारतात. "चला पाव्हणं, फिरून येऊ," एवढंच म्हणतात. पडणं जवळपास बंद झालं.

ऑनलाइन तोंडी परीक्षेला मी ड्रेसिंगरूममध्ये बसले, लॅपटॉप ट्रॉलीवर ठेवून. स्क्रीनवरच्या पाच परीक्षकांपैकी एकांनी विचारलं, हे लाजेचं कारण पेशंटनी सांगितलं की तुमचा अंदाज? मी तोंड उघडणार तोच मागचा पडदा सरकला आणि त्या दिवशी फेरतपासणीच्या एक्स-रेसाठी गाऊन घालून बसलेले आबा वॉकर टेकत हजर.

"अंदाज कशाला? मी सांगतो की, मास्तर! बाप्या मानसाला लाज आसती!"

मग त्यांनी कॅमेऱ्यासमोर लाज या विषयावर सविस्तर भाषण केलं. माझ्या गाईड शमीम मॅडम ते सभ्य इंग्रजीत सांगत होत्या, म्हणजे निम्मं गाळत होत्या. शेवटी आबा हात जोडून वळले. हॉस्पिटलच्या गाऊनला नाड्या मागे असतात. आबा नाड्या बांधत नाहीत. चिमाजीमामा झडप घालायला धावले, पण पाचही परीक्षकांना आबांचं पूर्ण दर्शन घडलं. मग मुख्य परीक्षक चष्मा पुसत म्हणाले, आता काही विचारायचं उरलेलं नाही.

मी पास झाले.

भाच्यांना गोड पापा.

आपली,
वर्षाराणी

ता.क. पत्राचं खरं कारण: पुढच्या महिन्यात पदवीदान आहे आणि आबा स्टेजवर यायचं म्हणताहेत. तेवढा आठवडा त्यांना तुमच्याकडे बोलावून घ्या. हवं तर आजारी पडा.

ता.क. (दुसरा) राहू द्या. आत्ता चौकात फ्लेक्स लागलेला पाहून आले. घाईत माझा फोटो सापडला नाही म्हणे, त्यामुळे फ्लेक्सभर एकटे आबाच आहेत, गॉगल घालून. खाली लिहिलंय, 'डॉक्टरचे सासरे'. येणारेजाणारे त्यांचंच अभिनंदन करताहेत आणि ते खुशाल घेताहेत. आता ते कुठले येतात तुमच्याकडे! तुम्हीच या.