कुंडीतला सांभार

अंकुश,

मी रामदासपेठेत शामलामावशीकडे जाते आहे. वरण-भात झाकून ठेवलाय.

रागावूनच जाते आहे. रेवाला शाळेत न घालता घरी शिकवता, त्याला मी कधी आडकाठी केली नाही. उन्हाळ्यात बहावा, पावसाळ्यात गोगलगायी, सगळं तिच्यासोबत वाकून वाकून पाहिलं. पाहिलेलं रोज आपल्या शब्दांत सांगायचं, ही सवय तिला तुम्हीच लावली. मग काल तिने आपल्या कुंडीला 'सांभार' अशी पाटी लावली, तर तिच्या आईने, मिनलने, ती काढून 'कोथिंबीर' लिहिलं आणि वर म्हणाली, "तो शब्द चुकीचा आहे." मिनल पुण्याची, आपल्याकडे कोथिंबिरीला सांभारच म्हणतात हे तिला माहीत नसेल. पण तू तिथेच मोबाइलमध्ये डोकं खुपसून बसला होतास. सांभारवडी पाहिजे म्हणून माझा पदर ओढत कॉटन मार्केटभर रडणारा तू!

आज सकाळी मी रेवाला म्हटलं, "सांभाराले पाणी टाक वं." तर पोरगी म्हणते, "आजी, तू चुकीचं बोलतेस. बाबा नाही असं बोलत."

खरंच, तू बोलत नाहीस. कधी सोडलंस, मला कळलंही नाही.

संध्याकाळी रेवाला घेऊन मला न्यायला ये. दारात उभा राहून "आई, चल ना" म्हणालास तर मी उठणार नाही. तिच्यादेखत, मोठ्याने म्हण, "माय, काहून रुसली वं? चाल घरी."

— तुझी माय