गोदाई लॉजला जाऊ नका

मोरबी, गुजरात,
बुधवार, १५ मे २०२४

ती. शिवकन्या आक्का,

भुजंगचा नमस्कार. माय-आप्पांच्या पायावर माझ्या नावानं डोकं ठेव आणि तुझ्या सृष्टीचा एक गालगुच्चा घे. मी बरा हाय. इथं टाइल्सच्या भट्टीपाशी उन्हाळा काय नि हिवाळा काय, अंगाला सारखंच.

फोनच केला असता, पण तू फोन स्पीकरवर लावतीस आणि आप्पा समोर बसून ऐकतात. मोबाईलवर मराठी दाबायला मला धड जमत न्हाई. म्हणून जेवणाच्या सुट्टीत मालाच्या चलनाच्या कोऱ्या पाठीवर लिहून त्याचा फोटो पाठवून राहिलो. वाचून झालं की पुसून टाक. आप्पांच्या कानावर जाऊ देऊ नको.

माहूरहून नांदेडला सुखरूप आलात, बरं झालं. पायऱ्यांवरचा मायचा फोटो बघितला. पदर खोचून अशी उभी हाय जशी देवीलाच दोन शब्द सुनवायला निघाली.

आता मुद्द्याचं. सकाळी तू म्हणालीस, "भुज्या, आप्पा म्हणतात उद्या हे हॉटेल सोडायचं. उरलेले दोन दिवस स्टँडसमोरच्या गोदाई लॉजला राहायचं." का म्हणून? मी निवडून बुक केलेलं हॉटेल हाय. लिफ्ट हाय, एसी हाय, सकाळचा नाष्टा हाय. आप्पा म्हणे, "एसीनं हाडं दुखून राहिली." मग बंद करा की एसी! रिमोटला लाल बटण हाय. हाडं दुखतात म्हणून कुणी हॉटेल सोडतं का?

आणि नांदेडात लॉजची काय कमी? गोदाईच का? आप्पा याआधी उभ्या जन्मात नांदेडला मुक्कामी राहिले न्हाईत. त्यांना हे नाव दिलं कुणी?

तिथं जाऊ नका. ढेकूण हायत. चादरी धूत न्हाईत, नुसत्या उलटवून घालतात. गरम पाण्याची बादली खालून वर न्यावी लागती. सहा नंबरच्या खोलीची कडी लागत न्हाई, दार जरा उचलून धरावं लागतं. मॅनेजर दयानंद मामा लई चौकश्या करतो. गाव कोणतं, घरी कोण कोण, पोरगं काय करतं. त्याच्याशी बोलूच नका.

तू म्हणशील, ह्याला सहा नंबरची कडी कशी ठाऊक? एक मित्र राहिला होता तिथं. बस.

अजून एक. निघाल्या दिवशी तू सृष्टीचा उदगीर स्टँडवरचा व्हिडिओ पाठवलास. ती रसासाठी रडून राहिली आणि मागं रसवंतीपाशी आप्पा नि आपले जीपवाले चांदपाशा चाचा उभे. बोलून राहिले! तीन वर्षं एकमेकांचं तोंड न बघितलेली माणसं! चाचांचा हात आप्पांच्या खांद्यावर. दहा वेळा बघितला मी तो व्हिडिओ. ऐकू काहीच येत न्हाई, नुसता सृष्टीचा भोंगा. काय बोलले गं? तुला ठाऊक हाय ना? सकाळी फोन ठेवताना तू हसलीस. ते कशाला? सगळे मिळून माझी परीक्षा बघून राहिलात का?

*

चहाची सुट्टी झाली. वरचं अजून पाठवलं न्हाई. परत वाचलं, तर चोरानं लिहिल्यासारखं वाटलं.

आक्का, मी नांदेडच्या आयटीआयला कधी गेलोच न्हाई. यादीत माझं नाव लागलं न्हाई, आणि आप्पांनी तर आधीच गावभर सांगून ठेवलेलं. मी दहा महिने गोदाई लॉजला होतो. चादरी मीच धुवायचो, गच्चीवर, दोन पाण्यांतून. ढेकूण-बिकूण काही न्हाई. ती सहा नंबरची कडी तेवढी खरी.

दर सोमवारी नि गुरुवारी माय डबा द्यायची. चाचा तो आपल्या काळीपिवळी जीपमधून उदगीरला नेऊन नांदेडच्या एसटीवाल्याकडं द्यायचे. इकडं मी साबणाच्या हातानं स्टँडवर पळायचो. दयानंद मामा माझ्या डब्यातली अर्धी भाकर खायचा नि म्हणायचा, "पोरा, असल्या हाताची भाकर खोटं बोलून खाऊ नये."

मग तू फोनवर म्हणालीस, "आप्पा उद्या तुझं वर्कशॉप बघायला येऊन राहिले." मी त्याच दुपारी रेल्वेत बसलो. डबा लॉजच्या फळीवरच राहिला. मायच्या माहेरचा, झाकणावर आजीचं नाव कोरलेला, धुरपताबाई.

गाडीतूनच सांगितलं, कंपनीत नोकरी लागली, आप्पांना म्हणावं येऊ नका. मायनं विचारलं, "आणि डबा?" तोंडातून गेलं, "एसटीच्या ड्रायव्हरकडं दिला की. चाचांना मिळाला असंल."

एवढंच बोललो मी. तेवढ्यावर आप्पांनी जीपच्या थांब्यावर चार माणसांत चाचांना चोर म्हणलं. तूच सांगितलं होतंस, चाचा खाली मान घालून गाडीत बसले.

कुणाला न सांगितलेलं आता सांगतो. चाचांना सगळं ठाऊक होतं. त्याआधी महिनाभर ते नांदेडला एक पेशंट घेऊन आले होते. लॉजच्या जिन्यात मला बघितलं, दोन हातात दोन बादल्या. त्यांनी एवढंच विचारलं, "जेवलास का बेटा?" मी म्हणलं, "हाव." बस. त्या दिवशी थांब्यावर त्यांनी तोंड उघडलं असतं तर गेली असती ती माझी इज्जत. त्यांनी स्वतःची जाऊ दिली.

आणि मी इथं सकाळपासून त्याच माणसावर संशय घेऊन राहिलो, की रसवंतीपाशी चुगली केली म्हणून. सांगितलं असंल तर त्यांचा हक्क हाय. नसंल सांगितलं, तर आप्पांची हाडं खरंच दुखत असतील आणि गोदाईचं नाव कंडक्टरनं दिलं असंल. मला इथून कळणार न्हाई. कळून काय करू?

हॉटेल बदला, आक्का. उद्या बाराच्या आत खोली सोडा. मायच्या गुडघ्यासाठी खालची खोली माग. दयानंद मामाला झाकणावरचं नाव सांग, तो माणूस डबा फेकणारा न्हाई. मग आप्पांना हे सगळं मोठ्यानं वाचून दाखव. फोटो पुसू नको. नंतर मला फोन लाव, स्पीकरवरच लाव. मी उचलीन.

परत येताना उदगीरहून चाचांच्याच गाडीत बसा. डबा आप्पांच्या मांडीवर असू दे.

आयटीआयची पायरीसुद्धा न चढलेला,
तुझा भुज्या

ता. क. चाचांना सांग, जिन्यात भेटले त्या दिवशी मी जेवलो नव्हतो.