चाळीस वल्ह्यांचं अंतर

नाना, तुमची काळी टोपी आईने अजून जपून ठेवली आहे, वर्तमानपत्रात गुंडाळून. काल मी ती बाहेर काढली आणि बराच वेळ हातात धरून बसले.

तुम्ही ज्यूरीत बसलात तेव्हा मी अकरा वर्षांची होते. कलकत्त्यात, आपल्या घाटाच्या पायऱ्यांवर खून झाला होता आणि साक्षीदार एकच, हावड्याहून येणाऱ्या नावेतला उतारू. काठ चाळीस वल्ही, म्हणजे वल्ह्याचे चाळीस फटके, दूर असताना, संध्याकाळच्या उजेडात, आपण मारेकऱ्याचा चेहरा ओळखला असं त्याने शपथेवर सांगितलं. ज्यूरीतल्या बाकी आठ जणांबरोबर तुम्हीही 'दोषी' म्हणालात. त्या माणसाला जन्मठेप झाली. त्यानंतर तुमच्या ताटात भात उरू लागला. आई म्हणायची, कोर्टाने तुम्हाला केव्हाच सोडलं, तुम्ही कोर्टाला कधी सोडणार? तुम्ही ताटाकडे बघत एवढंच म्हणालात, "इतक्या लांबून दिसलं कसं, हे मी तेव्हाच विचारायला हवं होतं."

मग एका रविवारी, त्याच वेळेला, तुम्ही मला नावेत बसवता. स्वतः पायऱ्यांवरच्या गर्दीत उभे राहता. तुम्ही ओळखू आलात की मी तिथून काठापर्यंत वल्ही मोजायची. बेचाळीस भरतात. मी उतरते तेव्हा तुम्ही वाकून विचारता, "चेहरा दिसला?" मी हो म्हणते. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवता, आणि तो हात घरी येईपर्यंत तिथून फारसा हलत नाही. त्या दिवशी तुम्ही दुसऱ्यांदा भात मागून घेतलात. त्या माणसाच्या शिक्षेचा फेरविचार व्हावा म्हणून राज्यपालांना लिहून ठेवलेला अर्ज ट्रंकेच्या तळाशी गेला. वर्षभरात तुम्हीही गेलात.

आता मी भिंगं तपासण्याच्या कामावर आहे. किती अंतरावरून काय ओळखू येतं, हेच दिवसभर पाहते. गेल्या महिन्यात ट्रंक आवरताना तुमचा अर्ज हाती लागला, तेव्हा धाकट्या भावाला पायऱ्यांवर उभं करून मी पुन्हा नावेत बसले. दोन रविवार. दोन्ही वेळा नऊ वल्ही उरली असताना त्याचा चेहरा ओळखू आला. इथे बंगाली माणसं टोपी घालत नाहीत; घाटावर सगळी उघडी डोकी असतात, नाना. तुम्ही वेळ पाळलीत, उजेड पाहिलात, वल्ही मोजायला लावलीत, आणि त्या सगळ्या गर्दीत एकट्याने टोपी घालून उभे राहिलात.

तो माणूस अजून तुरुंगात आहे. मी चौकशी केली. तुमचा अर्ज उद्या पाठवते आहे. तुमच्या मजकुराला हात लावलेला नाही. खाली माझी मोजमापं जोडली आहेत, आणि तेव्हा मला टोपी दिसली होती, चेहरा नाही, हेही सहीनिशी लिहिलं आहे.

हा कागद मात्र टोपीच्या घडीत ठेवते. मला त्याच दिवशी, नावेतच, हे कळलं होतं. तरी मी हो म्हणाले. तुम्ही पोटभर जेवावं, एवढंच मला हवं होतं.